सासूबाई म्हणतात उन्हवऱ्याला न्या, भाचा म्हणतो मृत समुद्रावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याचं वय ४६, नऊ वर्षांपासून सोरायसिस, म्हणजे कातडीवर खपल्यांचे चट्टे येणारा चिवट आजार. कोपरं, गुडघे, कंबरेच्या वरची पाठ आणि डोकं. सासूबाईंचा आग्रह आहे की दापोलीकडच्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्याच्या कुंडात सलग सात दिवस आंघोळ करावी. जर्मनीतला भाचा सांगतो की तिकडचे लोक महिनाभर मृत समुद्रावर जाऊन येतात आणि कातडी लख्ख होते. मधल्या काळात औषधाच्या दुकानातून फ्रान्समधल्या झऱ्याच्या पाण्याचा महागडा फवारा घरात आला आहे, आणि तो सहा वर्षांच्या मुलीच्या एक्झिमावरही (कोरड्या, लाल, खाजणाऱ्या कातडीवर) मारला जातोय. "यातलं खरं काय, आणि आम्ही जावं तरी कुठे?"

मी तीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते आणि माझं माहेर संगमेश्वरकडचं. तुरळ-राजवाडीची कुंडं लहानपणापासूनची, त्यामुळे सासूबाईंना मी हसणार नाही. उत्तर आधी सांगून टाकते. गेलात तर मिस्टरांना बरं वाटेल, कदाचित चट्टेही उतरतील. पण त्या सुधारणेत पाण्याचा वाटा तुम्हाला वाटतो त्याहून बराच लहान आहे. मोठा वाटा उन्हाचा, रोज वेळेवर मलम लावण्याचा आणि कामधंदा सोडून तीन-चार आठवडे फक्त कातडीकडे बघण्याचा. हा मोठा वाटा घरी आणता येतो, आणि माझा सगळा भर त्यावरच राहणार आहे.

आधी मृत समुद्र, कारण पुरावा तिथे सगळ्यात भक्कम आहे. खरं तर तो झरा नव्हे, इस्रायल आणि जॉर्डनच्या मधलं एक खारट तळं. साध्या समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास क्षार असतात, तिथे ३४ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यात खाण्याच्या मिठापेक्षा मॅग्नेशियमचे क्षार जास्त. लोक या पाण्याचंच कौतुक करतात. पण त्या जागेची खरी करामत डोक्यावर आहे. तळ्याचा काठ समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून खाली आहे, म्हणजे सूर्यकिरणांना तेवढी जास्त हवा ओलांडून यावं लागतं, वर कायम बाष्पाचं धुकं. अतिनील किरणांमधला कातडी भाजून काढणारा आखूड लहरींचा भाग यात जास्त गाळला जातो आणि सोरायसिसला उपयोगी पडणारा भाग तुलनेनं जास्त उरतो. माणूस न भाजता तासन्‌तास उन्हात बसू शकतो. तिथला उपचारही असाच आखलेला असतो: चार आठवडे, दिवसातून दोनदा ऊन, वेळ थोडा थोडा वाढवत, मध्ये पाण्यात तरंगणं, वर साधं मलम. बहुतेकांना चांगला फरक पडतो, काहींची कातडी पूर्ण साफ होते. परत आल्यावर काही महिन्यांत चट्टे पुन्हा डोकं वर काढतात. सोरायसिस बरा झालेला नसतो, झोपलेला असतो.

आता याच्या शेजारी नॉर्वे ठेवून बघा. नॉर्वे आपल्या सोरायसिसच्या रुग्णांना सरकारी योजनेतून ग्रान कानारिया या बेटावर तीन आठवडे पाठवतं. तिथे औषधी झरा नाही, मॅग्नेशियमचं तळं नाही. ऊन आहे, साधा समुद्र आहे, नर्स आणि डॉक्टर आहेत, व्यायाम आहे आणि आजार कसा सांभाळायचा याची रोजची शिकवणी आहे. लोक तिथूनही सुधारून येतात, आणि साधारण तीन महिन्यांत त्यांचाही बराचसा फायदा ओसरतो. पाणी वेगळं असूनही निकाल इतका सारखा येत असेल, तर पाण्याला किती श्रेय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

तरी खाऱ्या पाण्याला शून्य गुण देणं हा अन्याय होईल. जर्मन डॉक्टरांनी याचा छडा लावायचा म्हणून मृत समुद्र टबात आणला: खाऱ्या पाण्यात बसवायचं आणि बसलेलं असताना किंवा लगेच नंतर यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांमधल्या एका भागाचा, कृत्रिम प्रकाश द्यायचा. तिथल्या सरकारी आरोग्य विम्यानं ही पद्धत २००८ मध्ये सोरायसिससाठी आणि २०२० मध्ये अ‍ॅटोपिक एक्झिमासाठी (मुलांमध्ये नेहमी दिसतो तो एक्झिमा) मंजूर केली. तुमच्या भाच्याला हे घराजवळ मिळू शकेल, विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या गोळा करून तपासते. तिनं २०२० मध्ये अशा ८ चाचण्या पाहिल्या. निष्कर्ष सावध होता: नुसत्या प्रकाशापेक्षा खारं पाणी अधिक प्रकाश सरस ठरू शकतं, पण चाचण्यांचा दर्जा कमी असल्यानं खात्री कमी. कारणं समजण्यासारखी आहेत. खाऱ्या पाण्यानं खपली मऊ होऊन सुटते आणि कातडी प्रकाश जास्त आत घेते. सोरायसिसचा चट्टा म्हणजे पांढऱ्या पत्र्याचं छप्पर, वरचं ऊन परत पाठवतो. छप्पर भिजवून काढलंत की तोच प्रकाश खाली पोचतो.

आणि प्रकाश आपल्याकडे मिळतो. नॅरोबँड यूव्हीबी नावाचं यंत्र असतं, ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींचं; दिसायला ट्युबलाइटचं उभं कपाट. ते मोठ्या शहरांतल्या अनेक खासगी दवाखान्यांत आणि बऱ्याच मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत आहे. आठवड्यातून दोन-तीनदा जायचं, काही मिनिटं उभं राहायचं, साधारण २० ते ३० बैठका. गैरसोय एकच, हेलपाटे. खेडहून रत्नागिरीला आठवड्यातून तीनदा जाणं म्हणजे नोकरी सोडण्यासारखं, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी रुग्णाला विचारते, तुमची बहीण, मेहुणा कुणी पुण्या-मुंबईत राहतं का? दोन महिने तिकडे राहा. मृत समुद्रावर चार आठवडे राहण्याचा खर्च आणि मेहुण्याकडे आठ आठवडे राहण्याचा खर्च यांची तुलना मी करत बसत नाही. मेहुण्याच्या बायकोचं मत वेगळं असू शकतं.

फ्रान्सची गोष्ट निराळी आहे. तिकडे झऱ्याचं पाणी हा औषधोपचाराचाच एक भाग मानतात. दक्षिण फ्रान्समध्ये आवेन नावाचं डोंगरातलं छोटं गाव आहे. अंगाला खाज सुटलेला एका सरदाराचा घोडा तिथल्या झऱ्यात लोळला आणि बरा झाला, अशी १७३६ सालची दंतकथा सांगतात. ला रोश-पोझे या दुसऱ्या प्रसिद्ध गावाची कथाही घोड्याचीच आहे! आपल्याकडे असतो शरभंग ऋषी. नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर घ्या किंवा जळगावकडचं उनपदेव, ऋषींना त्वचारोग झाला आणि रामानं बाण मारून गरम पाणी काढून दिलं ही कथा दोन्हीकडे ऐकायला मिळते. घोडा काय आणि ऋषी काय, खाज दोघांनाही सुटते.

तर आवेन. १७४३ पासून तिथे स्नानगृह आहे, १८७४ मध्ये सरकारनं झऱ्याला लोकोपयोगी म्हणून मान्यता दिली आणि १९९० मध्ये आजचं उपचार केंद्र उघडलं. बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे ते पाणी गरम नाही. उगमाशी साडेपंचवीस अंश सेल्सिअस; आंघोळीसाठी ते तापवावं लागतं. त्यात क्षारही फार नाहीत, उलट ते कमी क्षारांचं, सौम्य पाणी आहे. ला रोश-पोझेच्या पाण्यात सेलेनियम जास्त म्हणून त्याचा बोलबाला. फ्रान्समध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अशा केंद्रात तीन आठवड्यांचा उपचार मिळतो, त्यात १८ दिवस प्रत्यक्ष उपचाराचे, आणि केंद्राच्या नेमून दिलेल्या खर्चाचा ६५ टक्के भाग सरकारी विमा उचलतो. त्या १८ दिवसांत काय होतं? कोमट पाण्यात बुडून बसणं, अंगावर पाण्याचे फवारे, लगेच अंगभर मलम, ओल्या पट्ट्या. मुलांना आणि आईबापांना मलम किती, कसं, केव्हा लावायचं याचे वर्ग. दर काही दिवसांनी डॉक्टर बघतात.

ही यादी मी वाचते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझीच ओपीडी येते. हे सगळं आम्ही सांगतो, फक्त सहा मिनिटांत सांगतो. रुग्ण मान डोलावतो आणि घरी जाऊन मटारएवढं मलम पूर्ण पायाला पुरवतो. फ्रेंच केंद्रात तेच काम अठरा दिवस कुणीतरी हातात हात घेऊन करून घेतं. म्हणून तिथून सुधारून आलेल्या मुलाच्या फोटोवर माझा विश्वास असतो. श्रेय फक्त पाण्याला देणाऱ्या जाहिरातीवर नसतो. या झऱ्यांवरचं बरंचसं संशोधन त्या पाण्याचीच उत्पादनं विकणाऱ्या कंपन्यांनी केलेलं किंवा पैसे देऊन करवलेलं आहे. ते सगळं खोटं आहे असं नव्हे. पण आंघोळीच्या चाचणीत रुग्णाला अंधारात ठेवता येत नाही. आपण डोंगरातल्या झऱ्यात बसलोय की नळाच्या पाण्यात, हे त्याला कळतंच.

त्या फवाऱ्याबद्दल. बहुतेक अशा डब्यांत झऱ्याचं पाणी आणि ते बाहेर ढकलायला नायट्रोजन वायू, एवढंच असतं. अपाय नाही. गार पाण्याच्या बारीक तुषारांनी खाज घटकाभर शमते, आणि रात्री अडीच वाजता रडणाऱ्या मुलीसाठी घटकाभरसुद्धा कमी नाही. पण एक चूक सगळे करतात: फवारा मारून तसंच वाळू देतात. पाणी उडून जाताना कातडीचा ओलावाही घेऊन जातं, आणि अर्ध्या तासात कातडी आधीपेक्षा कोरडी. मारलात तर मिनिटाभरात मऊ पंचानं टिपा आणि लगेच मलम लावा. डबा संपला की दुसरा आणू नका. उकळून गार केलेलं पाणी, स्वच्छ सुती फडकं, दहा मिनिटं पट्टी. तेच काम होतं. वाचलेल्या पैशांत मुलीला महिनाभराचं मॉइश्चरायझर येईल.

मुलीचंच पुढे सांगते, कारण मला मिस्टरांपेक्षा तिची काळजी जास्त वाटते. एक्झिमाच्या मुलांना पाण्यात काही "घालून" फायदा होतो का, हे ब्रिटनमध्ये दोनदा नीट तपासलं गेलं. कडक पाण्यानं एक्झिमा वाढतो असं दिसत होतं, म्हणून ३३६ मुलांवर चाचणी झाली, काहींच्या घरी पाणी मऊ करणारं यंत्र बसवून. २०११ मध्ये निकाल आला: यंत्रानं एक्झिमात फरक पडला नाही. मग २०१८ मध्ये ४८२ मुलांची चाचणी आली, आंघोळीच्या पाण्यात तेलकट औषध घालण्याची. त्याचाही जास्तीचा उपयोग दिसला नाही. अंगाला थेट लावायचं मलम मात्र दोन्ही गटांतली मुलं लावतच होती, आणि ते सोडा असं कुणी म्हणालं नाही. माझ्या लेखी याचा अर्थ सरळ आहे. पाण्यात काय मिसळलंय याची चिंता सोडा. पाण्यातून बाहेर आल्यावरची तीन मिनिटं सांभाळा.

म्हणजे रोज एकदा कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं. कोमट म्हणजे तुमच्या मनगटाला ना गरम ना गार. साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर, तोही काखा-जांघा-पावलांपुरता. डाळीचं पीठ, उटणं, कडुलिंबाचा पाला काही नको. एक्झिमाच्या कातडीला यातलं काहीही टोचू शकतं. पंचानं टिपायचं, पुसायचं नाही. लाल चट्ट्यांवर डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम, आणि बाकी सगळीकडे मॉइश्चरायझर, भरपूर. भरपूर म्हणजे किती? या वयाच्या, अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलीला आठवड्याला पाव किलोच्या आसपास. हा आकडा ऐकून आया माझ्याकडे बघतात, जणू मी तूप सांगितलंय. स्टिरॉइडचं माप वेगळं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून जेवढी रेघ बसते तेवढं मलम मोठ्यांच्या दोन तळहातांएवढ्या भागाला पुरतं. तिला कुंडात घालू नका. का, ते आता सांगते.

उन्हवरे, तुरळ, आरवली, राजापूरजवळचं उन्हाळे, तिकडे वर वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी. कोकणपट्टीत साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या रांगेत अशा १८ ठिकाणी गरम झरे आहेत. खाली गंधकाची खाण पेटलीय म्हणून पाणी तापतं, असं आम्हाला लहानपणी सांगायचे. तसं काही नाही, ज्वालामुखीही नाही. दख्खनचा लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून जास्त वर्षं झाली. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या ऊबेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. वाटेत खडकातले क्षार घेतं, म्हणून प्रत्येक झऱ्याचं पाणी वेगळं. जपानमध्ये कुसात्सु म्हणून गाव आहे, तिथल्या झऱ्याचं पाणी लिंबाच्या रसाइतकं आंबट. एक्झिमाच्या कातडीवर वाढणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू त्यात मरतो, आणि तिथल्या डॉक्टरांनी एक्झिमात त्याचा उपयोग झाल्याचं नोंदवलंय. आपल्या कोकणातलं पाणी याच्या उलट, किंचित अल्कधर्मी बाजूचं, आणि निरोगी कातडी असते किंचित आम्लधर्मी. तेव्हा कुसात्सुचा गुण तुरळच्या कुंडाला चिकटवता येत नाही, आणि आवेनचा उन्हवऱ्याला.

मग इतक्या पिढ्या लोक "उन्हवऱ्याला जाऊन बरे झाले" ते काय? माझा अंदाज सांगते. पूर्वी खेड्यातली चिवट खाज म्हणजे बहुतेक वेळा खरूज. गंधक हे खरजेवरचं जुनं आणि खरं औषध आहे. गंधकाचं मलम आम्ही आजही तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना देतो. त्यात आठवडाभर रोज सचैल स्नान आणि धुतलेले कपडे. कुंडातल्या पाण्यात मलमाइतकं गंधक नसतं, पण चार घटकांनी मिळून काम होत असणार. शिवाय सोरायसिस आपला आपण वर-खाली होतो. माणूस जातो तो अगदी कळस झाल्यावर, म्हणजे उतार लागण्याच्या सुमारासच. आणि उन्हात, उघड्या अंगानं, निवांत बसतो. ग्रान कानारियाच की, गोमुखातून पडणारं.

धोके मात्र खरे आहेत आणि ते मी पाहिलेत. पहिला धोका उष्णतेचा. उन्हवऱ्याला उगमाशी पाणी सत्तर अंशांच्या आसपास सांगतात. आंघोळीच्या कुंडात कमी, तरी चटका देणारं. कढत पाण्यानं खाज थांबते, कारण चटक्याची संवेदना खाजेला दाबून टाकते. रुग्ण म्हणतात, "डॉक्टर, स्वर्गसुख!" तासाभरानं कातडी तडकलेली आणि खाज दुप्पट. सोरायसिसमध्ये आणखी एक: जिथे कातडीला इजा, तिथे नवा चट्टा. त्यामुळे चटका बसणं वाईट, आणि कुंडात बसून मऊ झालेल्या खपल्या वजरीनं घासून काढणं त्याहून वाईट. हे जवळजवळ सगळे पुरुष करतात. मिस्टरांच्या पिशवीतून वजरी आधी काढून घ्या.

दुसरा धोका ज्यांना चटका कळतच नाही त्यांना. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काका आले होते, दोन्ही पावलांवर बशीएवढे फोड घेऊन. मधुमेह जुना, पाय बधिर. कुंडाच्या पायरीवर पाय सोडून अर्धा तास गप्पा मारत बसले होते, फोड दिसले ते घरी गेल्यावर. जखम भरायला चार महिने लागले. कुष्ठरोगाच्या बधिर चट्ट्यांचंही असंच. त्वचारोगाचा म्हणून कुंडावर येणारा एखादा माणूस प्रत्यक्षात निदान न झालेला कुष्ठरोगी असू शकतो; चट्टा फिकट आणि बधिर असेल तर कुंड नव्हे, सरकारी दवाखाना. औषध तिथे फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

तिसरं, नायटा. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात गजकर्ण-नायट्यानं जो हैदोस घातलाय तो तुम्ही घरोघर पाहिला असेल. दुकानातल्या मिश्र मलमांमधल्या स्टिरॉइडनं तो दबतो आणि पसरतो, नेहमीच्या गोळ्यांनाही दाद देत नाही. जांघेत, कंबरेला गोल कडा असलेला, खाजणारा चट्टा घेऊन लोक कुंडात बसतात आणि ओल्या अंगावर तसेच कपडे चढवतात. बुरशीला आणखी काय हवं? कोड घेऊनही माणसं येतात. त्यांना पाण्यानं ना फायदा ना तोटा, फक्त वेळ जातो, आणि कोडात लवकर उपचार सुरू करण्याला फार किंमत आहे.

म्हणून तुमच्या लेकीला कुंड नको. तिच्या कातडीवर ओरखडे आहेत, सामायिक पाण्यात जंतू शिरायला दार उघडं आहे. मोठ्यांनीही डोकं पाण्याखाली घालू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. अतिशय दुर्मीळ गोष्ट, पण झाली तर माणूस क्वचितच वाचतो. केरळात अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण सापडलेत. हृदयाचा त्रास, रक्तदाबाच्या भारी गोळ्या, फिट्स, गरोदरपण, अंगात ताप किंवा अंगभर लाल झालेली कातडी, यांपैकी काहीही असेल तर कुंड टाळाच. आणि हो, मॉलमधल्या माशांच्या टाकीत पाय घालू नका. तुर्कस्तानातल्या कांगल गावच्या गरम झऱ्यात सोरायसिसच्या खपल्या खाणारे मासे आहेत, त्याची ती नक्कल. कांगलला पाणी वाहतं असतं. मॉलमध्ये तुमच्या आधी कुणाचे पाय होते ते मासेच जाणोत.

आता मिस्टरांचं प्रत्यक्ष काय करायचं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी विचारणारच: सकाळी उठल्यावर बोटं किंवा कंबर अर्धा तासभर आखडलेली असते का? टाच दुखते का? नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खळगे आहेत का? असतील तर सोरायसिस सांध्यांत शिरलाय का हे आधी बघायला हवं, आणि तिथे कुठल्याही झऱ्याचं पाणी पुरं पडत नाही. सांधा एकदा झिजला की परत येत नाही. वजन, साखर, रक्तदाब हेही तपासा, सोरायसिसबरोबर ही मंडळी फार वेळा येतात.

सांधे ठीक असतील तर घरचं मृत समुद्राचं काम करता येईल. आपल्या घरात टब नसतो, बादली-तांब्या असतो. हरकत नाही, कोपर आणि गुडघ्याला पट्टी बांधता येते. जर्मनीत २००५ मध्ये एक छान प्रयोग छापून आला होता: कोरड्या कातडीच्या लोकांनी एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या ५ टक्के पाण्यात पंधरा मिनिटं बुडवला, दुसरा साध्या नळाच्या पाण्यात. मिठाच्या पाण्यातल्या हाताची कातडी जास्त मऊ आणि भक्कम झाली. ५ टक्के म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. मृत समुद्राचं मीठ ऑनलाइन मिळतं. नाहीच मिळालं तर जाडं मीठ वापरा, जर्मनीतल्या कित्येक केंद्रांत साधं खारं पाणीच असतं. कोमट खाऱ्या पाण्यात सुती फडकं भिजवून कोपरांवर, गुडघ्यांवर पंधरा मिनिटं ठेवायचं. भेगा असतील तर झोंबेल, मग त्या भरेपर्यंत थांबा. नंतर साध्या पाण्यानं धुवायचं आणि तीन मिनिटांच्या आत मलम. प्रकाशोपचार चालू असेल त्या दिवशी हे आधी करून जा, आणि तिथल्या डॉक्टरांना सांगा, कारण प्रकाशाची मात्रा त्यांना त्याप्रमाणे ठरवावी लागते. डोक्यासाठी रात्री खोबरेल लावून सकाळी डॉक्टरांनी दिलेला शांपू. कंगव्यानं खपल्या उकरणं बंद.

उन्हवऱ्याचं म्हणाल तर मिस्टरांना खुशाल न्या. सासूबाईंचा मान राहील, आणि थंडीत चार दिवस घराबाहेर पडलेल्या माणसाला बरं वाटतंच. फक्त चालू गोळ्या-मलम एक दिवसही बंद करू नका. "पाण्याचा गुण यायचा तर औषध सोडावं लागतं" असं तिथे कुणीतरी सांगेल. तोंडावाटे स्टिरॉइड घेणाऱ्या सोरायसिसच्या रुग्णानं ते एकदम थांबवलं तर अंगभर पू भरलेले फोड येऊन दवाखान्यात भरती व्हावं लागतं. मी अशी माणसं भरती केलेली आहेत. मिस्टर मेथोट्रेक्सेट या सोरायसिसच्या गोळीवर असतील तर ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, हे सोबत जाणाऱ्या भावालाही सांगून ठेवा. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतते.

पाणी बादलीत काढून निववून घ्या, तांब्यानं अंगावर घाला. कुंडात उतरलात तर दहा मिनिटं, मानेपर्यंत. सोरायसिस पाण्यातून कुणाला लागत नाही, पण पाठीवरचे चट्टे बघून कुणीतरी बाजूला सरकेल, एखादा चार शब्दही ऐकवेल. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते आणि पाणीही स्वच्छ असतं. पिशवीत पंचा, मोठा डबा पेट्रोलियम जेली आणि चालू मलमं. वर आल्यावर काठावर बसूनच लावायला सांगा, कपडे घालून चहा घ्यायला गेले की ती तीन मिनिटं गेली.